चार सुरांतलं ‘हाय’

इंदापूर,
ता. ५ डिसेंबर

ती. सौ. ताईस,

धाकट्या लखनचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही एकदमच. वि. वि. हे की मी इंदापूरला पोचलो आणि अजून इथंच आहे. यातली दुसरी बातमी मोठी, हे तुला सांगायला नको.

तू म्हणालीस पत्र लिही, म्हणून लिहितोय. फोनची रिंग वाजली की अप्पा उठायला बघतात, माझं नाव ऐकलं की डावा हात पुढं करतात आणि मग बोलता येत नाही म्हणून रडतात, हे तू सांगितलंस ते डोक्यातून जात नाही. त्यापेक्षा पत्र बरं. बोलणं शिकवायला येणाऱ्या मॅडमनी सांगितलंच आहे ना, घरच्यांचा मजकूर रोज सावकाश वाचून दाखवा म्हणून. मग मी लिहितो, तू वाच. दहावीला मराठीच्या बाईंनी मला काठावरून पलीकडं ढकललेलं, तेव्हा शुद्धलेखनाकडं मास्तरणीच्या नजरेनं बघू नकोस. पत्र बिरूच्या टेम्पोतून येईल. तो ढोबळी मिरची घेऊन बारामतीच्या मार्केटला येतो, जळोचीच्या फाट्यावर दाजींच्या हातात देईल.

आता मुद्दा. मुद्द्याच्या आधी एक. काल बिरूबरोबर आपल्या ख्रिस्ती मंदिरातली पेटी दुरुस्तीला न्यायला निघालो होतो. वाटेत उजनीच्या पाण्यावर बदकांचा एवढा थवा उतरलेला दिसला की पेटी टेम्पोत राहिली आणि दिवस पाण्याच्या कडेला गेला. बिरू म्हणाला, तुझ्यासंगं माणूस सासरी निघालं तर माहेरी पोचंल. असो. पेटी उद्या.

तर, मी गोव्यात एका साउंडवाल्याकडं होतो. मडगावच्या बाजूला एका चर्चमध्ये माईक लावायला गेलो, तिथं नाताळच्या गाण्याचा सराव चालू होता. आपल्यात एक सांगतो आणि बाकीचे मागून म्हणतात, तसं नव्हतं. चार गट, चौघांची वाट वेगळी, कुणी वरून, कुणी खालून, आणि तरी सगळे एकाच शब्दावर येऊन टेकत होते. मी वायरी हातात धरून तसाच उभा. मालकानं शिव्या घातल्या. काम तिथंच सुटलं, पण ते जाऊ दे. त्याच दिवशी ठरवलं की आपलं नाताळच्या फेरीचं ‘मेंढक्या’ गाणं असं चार सुरांत बसवायचं.

इथून पुढचं अप्पांसाठी, तू मोठ्यानं वाच. अप्पा, नाताळच्या पहाटे तुम्ही कंदील घेऊन पुढं आणि आम्ही मागं. दर दाराशी तुम्ही एकट्यानं हाळी द्यायची, मेंढक्या, जागा हाय का? आणि कडी काढायच्या आधी आतून घरच्यांनी म्हणायचं, हाय, हाय, जागा हाय. उत्तर आल्याशिवाय पुढची ओळ घ्यायची नाही असा तुमचा दंडक. सगळा जन्म पाटकरी म्हणून पाटाच्या कडेनं पाणी आल्याची हाळी देत हिंडलात, त्यामुळं चार घरं पलीकडची माणसंसुद्धा उठून बसायची. यंदा फेरी काढायला कुणी तयार नाही. सरुआत्या म्हणते, सोपानच्या, म्हणजे तुमच्या, मागं ती हाळी द्यायची छाती कुणाची न्हाय. म्हणून आम्ही ते मंदिरात म्हणणार, नव्या पद्धतीनं. पण हाळी तुमचीच. ती ओळ मी मोकळी ठेवणार आहे. तुम्ही नुसतं यायचं.

ताई, मी येतो तिकडं. या आठवड्यात नाही, पेटीचं बघायचंय.

लोभ आहेच, तो टेम्पोत मिरचीखाली दबू नये.

तुझा,
लखन


जळोची, बारामती,
ता. ८ डिसेंबर

चि. लखन यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुझे पत्र मिरचीच्या वासासकट मिळाले. ‘दुरुस्ती’ तू एकदाच लिहिली आहेस आणि तेवढ्यात दोन चुका केल्या आहेस. अप्पांना सांगितले नाही.

वाचून दाखवले. बदकांपाशी हसले. मेंढक्याची ओळ आली तेव्हा डावा हात वर गेला, कंदील धरल्यासारखा, आणि बराच वेळ तसाच राहिला. मी पुढचे वाचू शकले नाही, मग तुझ्या दाजींनी वाचले. त्यांचे वाचन म्हणजे डेअरीतली फॅट सांगितल्यासारखे, पण अप्पांनी ऐकून घेतले.

तुला एक गोष्ट नीट कळलेली नाही म्हणून लिहिते. आषाढातल्या अर्धांगाच्या झटक्यानंतर अप्पांकडे आता एकच शब्द उरला आहे, ‘न्हाय’. चहा घेणार का विचारले की न्हाय म्हणतात आणि कप ओढून घेतात. चर्चला जायचे का, न्हाय, आणि चप्पल शोधतात. तो शब्द नाही म्हणण्याचा राहिलेला नाही, तो त्यांचा सगळा बोलायचा ऐवज आहे. तू ऑक्टोबरात आलास, ते तुझ्याकडे बघून न्हाय न्हाय म्हणाले, आणि तू चहा गार व्हायच्या आत निघून गेलास. लखन, ते तुला थांब म्हणत होते.

मॅडमना तुझ्या गाण्याचे सांगितले. त्या म्हणाल्या, काही माणसांचे बोलणे जाते पण लहानपणापासूनचे गाणे डोक्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात शाबूत राहते. आपल्या माणसांत, सवयीच्या शब्दांवर ते कधी कधी बाहेर येते, आणि एकदा आले की त्याच्या बोटाला धरून थोडे बोलणेही आणता येते. कधी कधी, हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. नाताळपर्यंत काहीच हलले नाही तर नव्या वर्षापासून त्या येणे थांबवणार आहेत. जे आहे तेवढेच राहील असे समजायचे. बाई वाईट नाहीत, खोटे बोलत नाहीत एवढाच त्यांचा दोष.

तेव्हा तुझ्या त्या मोकळ्या ओळीवर माझे सगळे आहे. पूर्ण गाणे नको. एक ओळ, एक शब्द आला तरी मला पुरे. आणि तुला वेळ झाला तर एकदा येऊन जा. इंदापूरहून बारामती गोव्याइतकी लांब नाही.

सरुआत्याला गुडघ्याचे तेल पाठवले आहे. ती ते देवाणघेवाणीत वाटून टाकते, तसे करू देऊ नकोस. लोभ वाढता असू दे, पत्रांची लांबीही.

तुझी,
उत्कर्षाताई


इंदापूर,
ता. १४ डिसेंबर

ती. सौ. ताईस,

सलाम, नमस्कार, वि. वि. तेलाची अर्धी बाटली शेजारी गेली. मी आडवा पडलो होतो तेवढ्यात झालं, माझा इलाज नव्हता.

पेटी आली. भाता नवा बसवला, आता ती जुन्यासारखी धापा टाकत नाही. पण खरं काम मोबाईलवर केलं. मला गोव्याच्या त्या लोकांसारखी कागदावरची स्वरलिपी वाचता येत नाही, म्हणून आधी एक आवाज भरला, तो ऐकत त्यावर दुसरा, मग तिसरा, मग चौथा. चारी मीच. रात्रंदिवस स्वतःशीच गात बसलेला बघून सरुआत्यानं पाळकसाहेबांना माझ्यासाठी प्रार्थना करायला सांगितलं. मग ज्याचा त्याचा आवाज ज्याच्या त्याच्या फोनवर पाठवला. वरचा सूर आत्या आणि बाया, मधला शेजारच्या राजेश्वरीच्या घरचे, तिसरा मी, आणि बुडाशी बिरू.

हो, बिरू. धनगराचं पोरगं नाताळच्या गाण्यात कसं, असं एकदोघांनी विचारलं. तो म्हणाला, गाणं मेंढक्याचं हाय न्हवं? मग तुमच्यात खरा मेंढका म्या एकटाच हाय. भजनी मंडळात त्याचा आवाज खाली लागतो म्हणून त्याला मागं बसवतात, इथं त्याला बोलावून घेतलं याची त्याला भारी मजा वाटते. फक्त त्याचं एक म्हणणं आहे की मेंढक्याला जागा हाय का विचारणं हा येडेपणा हाय. मेंढरं असताना झोपलाय कोण? त्याला म्हटलं, लिहिणारा तुझ्या पंजोबाच्या आधीचा आहे, त्याला जाऊन विचार.

आता खरी गंमत सांगतो. मधे पंढऱ्या सुताराच्या घोडीची पण एक गंमत आहे, ती पुढच्या पत्रात. जुन्या चालीत उत्तराची ओळ अगदी झटकन संपायची. हाय, हाय, जागा हाय, आणि कडी खाडकन निघाली. चार सुरांत ते उरतच नव्हतं, तोंड उघडेपर्यंत गेलं. म्हणून मी ते लांबवलं. पहिलं ‘हाय’ वरून आत्या उचलते, त्याच्याखाली मधले येतात, मग आम्ही, आणि सगळ्यांत शेवटी बिरू जमिनीतून आल्यासारखा. एकेक पायरी उतरत जातं. पहिल्यांदा नीट जमलं तेव्हा बायांच्या डोळ्यांत पाणी. आत्यानं पदर तोंडाला लावला, म्हणाली पोरा, काळीज हललं बघ, मामंजींचा दिवस आठवला. एवढ्या वर्षांत हे गाणं ऐकून कुणी रडलेलं मी पाहिलं नव्हतं. ताई, मला आयुष्यात काही जमलं असेल तर हे.

तुझं पत्र मी बिरूला वाचून दाखवलं नाही. ‘ते तुला थांब म्हणत होते’ या ओळीपाशी मीच अडलो. मी येईन. हे उभं राहिलं की येईन. रिकाम्या हातानं येऊन त्यांच्यासमोर काय करू? त्यापेक्षा हे घेऊन भेटतो, नाताळलाच.

आत्याच्या गुडघ्यांसकट इथल्या सगळ्यांचा लोभ अप्पांना कळव.

तुझा,
लखन


जळोची, बारामती,
ता. १९ डिसेंबर

चि. लखन यास,

अनेक आशीर्वाद. घोडीची गंमत अप्पांना हवी आहे. तू नुसते नाव घेऊन सोडलेस तर त्यांनी कागद उलटून बघितला.

घाईत लिहिते आहे. काल भाकऱ्या करताना माझ्या तोंडून ती हाळी निघाली, सवयीने, हळूच. मागे वळले तर अप्पा दाराशी खुर्चीत आणि त्यांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. पण ओठ त्या ओळीवरच हलत होते, मी ओळखते. तवा तसाच राहिला, भाकरी जळली, आणि मी जळलेली भाकरी आनंदाने खाल्ली. तुझ्या दाजींना वाटले मला बरे नाही.

मॅडमना सांगितले तर त्या जपून हसल्या. मला त्या हसण्याची भीती वाटते. मी शाळेत पोरांना सांगते, निकालाच्या आधी पेढे आणू नका. आणि इथे मी नाताळच्या दिवशी अप्पांना काय काय विचारायचे ते मनात ठरवत बसले आहे. आईच्या दागिन्यांचे नाही, इस्टेटीचे नाही. दुखते का, एवढेच. आषाढापासून त्यांना कुठे दुखते ते मला माहीत नाही.

आम्ही गाडीने सकाळच्या उपासनेला पोचू. खुर्ची पुढेच ठेव. आणि ती मोकळी ओळ आली की घाई करू नकोस. तुझ्या स्वभावाला जड जाईल, पण थांब.

तुझी,
उत्कर्षाताई


जळोची, बारामती,
ता. २७ डिसेंबर

चि. लखन यास,

आशीर्वाद. आम्ही गाणे संपताच निघून आलो, कुणाला भेटलो नाही, तुलाही नाही. तू दाजींना फोन करून विचारलेस की अप्पा थकले होते का. त्यांनी हो म्हणून टाकले. थकले नव्हते. तू गाताना डोळे मिटतोस, म्हणून तुला दिसले नाही. लिहून सांगते, आणि हे पत्र मी अप्पांच्या समोर लिहीत नाही.

तू थांबलास. खरेच थांबलास, त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. मागे कुणाचे तरी मूल खोकले, तेवढाच आवाज. मी त्यांचा हात धरला होता. बोटे हलत होती, ओठ उघडले होते, सगळे मंदिर त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मग काही आले नाही आणि तू ओळ घेतलीस. तिथेही काही बिघडले नव्हते. तुझा आवाज त्यांच्यासारखाच लागला आणि ते खूश होऊन तुझ्याकडे बघत होते.

मग उत्तराची ओळ आली. लखन, आपल्या दारातले ‘हाय’ ते नव्हते. आत्याने सुरुवात केली, बाकीचे खालून आले, आणि ते लांबत गेले, हाऽऽय, हाऽऽय. डोळे मिटले असतील तर छान वाटले असेल. मी अप्पांकडे बघत होते. त्यांनी आधी आत्याच्या तोंडाला लावलेल्या पदराकडे पाहिले. मग बायांच्या पांढऱ्या साड्यांकडे. दर नाताळला बाया पांढऱ्याच नेसतात, पण त्या मयतालाही त्याच नेसतात. मग त्यांनी मान वळवून पुढे, मागे शोधले, पेटी कुठे ठेवली आहे ते. गाण्याची नव्हे, माणसाची.

तुम्ही सुरूची फांदी रंगाच्या डब्यात माती भरून उभी केली होती ना, त्यांच्या खुर्चीला लागून. त्यांनी डावा हात त्या डब्यात घातला. मला वाटले कागदी तारा हवा असेल. त्यांनी मूठभर माती घेतली आणि मूठ पुढे धरून बसले. कुणीतरी आपल्याला धरून खड्ड्यापर्यंत नेईल, माती द्यायला, म्हणून वाट बघत बसले. तुमचे हाय संपेपर्यंत. मी मूठ सोडवायला गेले तर माझ्याकडे बघून म्हणाले, “न्हाय.” या खेपेला मला त्याचा अर्थ कळला. अजून मी दिली नाही, असे म्हणत होते. परतीच्या वाटेत लासुर्णे येईपर्यंत मूठ सोडली नाही.

तेव्हापासून तोही शब्द तोंडातून आलेला नाही. चहा विचारला तर माझ्याकडे बघत राहतात. कप त्यांच्या हातात द्यावा लागतो.

तुला दोष द्यायला हे लिहीत नाही. मी एकदाही सरावाला आले नाही. आले असते तर सगळ्यांबरोबर रडले असते आणि फार छान म्हणाले असते.

जेवत जा.

तुझी,
उत्कर्षाताई


इंदापूर,
ता. २९ डिसेंबर

ती. सौ. ताईस,

नमस्कार. बिरूनं पत्र दिलं आणि माझं तोंड बघून टेम्पो बंद केला.

मी मोबाईलवर भरलेलं परत ऐकलं. एकदाच. दिवसातून शंभरदा तोंडात येणारा शब्द. जेवला का, हाय. घरात कोण हाय. मी तो एवढा ताणला की त्यातलं असणं निघून गेलं आणि रडणं तेवढं राहिलं. आणि सगळे रडले तर मला वाटलं गाणं चांगलं झालं. आत्या तर सांगत होती, मामंजींचा, त्यांना माती दिली तो दिवस आठवला म्हणून. एवढं तोंडावर सांगितलं तरी मला कळलं नाही. बिरू म्हणतो, त्यालाही पहिल्या दिवशी वाटलं होतं की हितं कोण गेलं का काय, पण त्याला वाटलं तुमच्यात असंच म्हणत असतील.

ऐक. मॅडमना अजून दोन दिवस थांबव. मी सगळ्यांना टेम्पोत घालून जळोचीला आणतो. मंदिर नको, चार सूर नकोत, काही नको. दाराबाहेर उभं राहून जुन्यासारखी नुसती हाळी द्यायची, आणि आतून तुम्ही झटकन उत्तर द्यायचं. त्यांना दार ओळखीचं वाटेल. तू हो म्हण. बिरू उद्या तिकडं येतोय, त्याच्याबरोबर चिठ्ठी दे.

लखन


जळोची, बारामती,
ता. २ जानेवारी

चि. लखन यास,

अनेक आशीर्वाद. बिरूला रिकाम्या हाताने परत पाठवले म्हणून रागावू नकोस. तुझे पत्र वाचले आणि वाटले, सगळ्यांना आणण्याआधी एकदा मीच करून बघावे. पुन्हा एवढ्या माणसांनी त्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहायला नको.

एकतीस तारखेला पहाटे मी बाहेर गेले, दार ओढून घेतले आणि हाळी दिली. माझा आवाज कसला, तरी दिली. आतून तुझ्या दाजींनी आणि पोरांनी उत्तर दिले, जसे द्यायचे तसे. मी दार उघडले. अप्पा पलंगावर बसलेले होते. त्यांनी माझ्याकडे बघितले, मग मी आणलेल्या थंडीकडे बघितल्यासारखे दाराकडे, आणि पांघरूण अंगावर ओढून घेतले. ओठसुद्धा हलले नाहीत. मी परत बाहेर गेले, परत दिली. शेजारच्या बाईंनी खिडकी उघडून विचारले, काही हवे आहे का.

दुपारी मॅडम आल्या होत्या. त्यांनी सगळे नीट ऐकून घेतले. म्हणाल्या, गाण्यामुळेच झाले असे नाही, बोलणे कधी कधी आपोआपही मिटत जाते. कदाचित खरे असेल, कदाचित माझ्यासाठी म्हणाल्या. आता त्या यायच्या नाहीत. आवाजाची काळजी सोडा, गिळताना ठसका लागतो का तेवढे बघा, असे सांगून गेल्या.

तेव्हा टेम्पो नको आणू. काही नवे बसवू नकोस आणि जुनेही आणू नकोस. पत्र मात्र लिहीत जा. ते ऐकतात की नाही मला सांगता येत नाही, पण मी वाचते.

तुझी,
ताई


इंदापूर,
ता. ४ जानेवारी

ती. अप्पांस,

लखनचा सलाम. ताई, हे सगळं वाच. मधलं गाळू नकोस, तुझी सवय मला माहीत आहे.

अप्पा, कोणी मेलं न्हाय. आधी तेवढं ऐकून घ्या. सरुआत्या धडधाकट आहे, आज सकाळी तिनं मला पाणी तापवलं नाही म्हणून बोलून घेतलं. पाळकसाहेब आहेत. राजेश्वरीच्या घरचे सगळे आहेत. बिरू आहे, त्याच्या मेंढ्या त्याच्या भावाकडं आहेत आणि त्याही आहेत. पंढऱ्या सुताराची घोडी पाटात पडली होती, ती निघाली, ती आहे, तिची गंमत तेवढीच. ताई तुमच्यासमोर बसून हे वाचतेय, ती आहे. मी आहे. बाया पांढऱ्या साड्या नेसल्या होत्या त्या सणाच्या. आणि ते लांबलेलं हाय मी केलं होतं, मला ते चांगलं वाटलं म्हणून. कुणाला माती द्यायची नव्हती.

हे लिहून झालं होतं. पाकीट बंद करून बिरूकडं द्यायला निघालो आणि वाटेत परत बसलो. कारण ते खरं नाही.

अप्पा, मॅडम आता यायच्या नाहीत. तुमचं बोलणं यायचं नाही. ताई हे तुम्हाला कधी सांगणार नाही, म्हणून मी लिहितो आणि तिनं वाचावं. पाटाच्या कडेनं रानभर ऐकू यायचा तो आवाज गेला. आषाढातच गेला. आम्ही तेव्हापासून त्याला बोलवत बसलो, मॅडम आणल्या, गाणं आणलं, ओळी मोकळ्या ठेवल्या, आणि तुमच्या तोंडाकडं बघत राहिलो. गेलं असं एकानंही म्हटलं नाही. एवढ्या सगळ्यांत तुम्ही एकट्यानं मूठ भरली. आम्हाला वाटलं तुमची समजायची चूक झाली. चूक नव्हती. काहीतरी गेलंच हाय, आणि त्याला माती द्यायची राहिली होती.

मला नवीन काही बसवता येत नाही आता. मोबाईलवरचे चारी आवाज पुसून टाकले. पुसताना वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

मी ऑक्टोबरात आलो तेव्हा मला कळत नव्हतं की तुमच्यासमोर करायचं काय. बोलायचं तर तुम्हाला येत नाही, आणि मला थांबता येत नाही. पण आपल्यात कुणी गेलं की माणसं त्या घरी येतात. कुणी काही विचारत नाही, घरच्यांनी बोलावं असं कुणी म्हणत नाही. भिंतीला टेकून बसतात, चूळ भरायला उठतात, परत बसतात. त्यांच्याजवळ द्यायला काही नसतं आणि ते कुणी मागत नाही. तेवढं मला जमेल असं वाटतं.

बिरूचा टेम्पो उद्या पहाटे निघतोय, त्यात या पत्राबरोबर मीही. पिशवीत फक्त कपडे आहेत. बसायला येतोय.

तुमचा,
लखन